बन्नीचं पान कापता येत नाही

खानापूरहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत एक गाव आहे. तिथं एकाच आवारात दोन सरकारी शाळा भरतात, एक मराठी आणि एक कन्नड. मधे अंगण, अंगणात एकच बोअरिंग, आणि रस्त्याच्या बाजूला दोन्ही शाळांची मिळून एक लांब कंपाउंडची भिंत. मी बेळगावात चित्रकला शिकवते. जूनपासून दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत दर शनिवारी, सकाळच्या शाळेला, मी त्या गावात जात होते. मराठी शाळेतली सातवीची बावीस मुलं आणि कन्नड शाळेतली चौदा. काम होतं छापाचं आणि चिकटकामाचं, म्हणजे स्टेन्सिल आणि कोलाज. विषय ठरवला होता तो असा: आपली ओळख आणि आपलं रान.

गावाचं नाव आणि मुलांची नावं इथं देत नाही. काय घडलं, माझं कुठं चुकलं आणि हाती काय आलं ते सगळं मांडते. कापण्या-चिकटवण्याचा तपशील मी मुद्दाम लांबवला आहे. या प्रकरणात महत्त्वाचं जे घडलं ते त्या तपशिलातच घडलं.

आधी जागा

खानापूर तालुका म्हणजे बेळगाव जिल्ह्याचा पावसाळी कोपरा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. तिथून जवळच, भीमगडच्या रानातून निघालेली म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. एकाच डोंगरावरचं पाणी दोन समुद्रांना जातं. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. तिथल्या बारापेडे गुहेत एक मोठ्या कानांचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि पुढं कित्येक दशकं जगाच्या पाठीवर त्याचा ठावठिकाणा तेवढाच माहीत होता. आमच्या छत्तीस मुलांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. त्या रानापासून ती एसटीच्या अंतरावर राहतात.

दुसरं जे आहे ते त्यांना जन्मापासून माहीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि मुंबई राज्यातला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. २००४ साली महाराष्ट्राने या भागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ साली बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. दर १ नोव्हेंबरला एका घरात कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा लागतो, शेजारच्या घरात काळा दिवस पाळला जातो. मी स्वतः या सीमाभागात वाढले, माझ्याही घरात तो दिवस पाळला जायचा. त्यामुळे हे प्रकरण मी लांबून लिहीत नाही.

पहिला शनिवार

पहिल्याच दिवशी मी कागद वाटले आणि सांगितलं, “आपली ओळख काढा.” तासाभरात कागद परत आले. मराठी बाजूला किल्ला, भगवा, घोड्यावरचे शिवाजी महाराज. कन्नड बाजूला लाल-पिवळा झेंडा आणि तलवार उगारलेली कित्तूर राणी चन्नम्मा. चित्रं बरी होती, हात वळणदार होते. पण एकाही मुलाने त्या दिवशी सकाळी डोळ्यांनी पाहिलेलं काही काढलं नव्हतं. सगळं कॅलेंडरवरून आणि चौकातल्या फलकावरून आलं होतं. अगदी घोड्याचा उचललेला पायसुद्धा दोन्हीकडे तोच.

एका मुलाने कोपऱ्यात म्हैस काढून बाकी कागद कोरा ठेवला होता. तो रानातल्या गवळी वाड्यावरून चालत शाळेला यायचा. मी विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, “मला आनी काय येईना बाई.”

महाराजांबद्दल किंवा चन्नम्मांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. दोष मुलांचा नव्हता, माझ्या प्रश्नाचा होता. ओळख काय असं थेट विचारलं की मूल परीक्षेला बसतं आणि मोठ्यांना जे उत्तर आवडेल ते लिहून मोकळं होतं. पुढच्या शनिवारी मी प्रश्नच बदलला. म्हटलं, घरात भोकांचं आणि तुकड्यांचं जे काही असेल ते घेऊन या.

वाकळ आणि कौदी

भोकांचं बरंच आलं. रांगोळी सोडायची भोकांची डबी, पावलांचा पत्र्याचा छाप, एक गाळणी. रविवार पेठेतल्या किराणा दुकानातून आणलेलं तागाचं पोतं आलं, त्यावर पत्र्याच्या छापाने मारलेला काळा मार्का. मुलांच्या घरात स्टेन्सिल आधीपासून होतं, त्याला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती इतकंच. मी त्यांना मथुरेच्या सांझीबद्दल सांगितलं, जिथं बारीक कापलेल्या कागदातून कोरडे रंग गाळून देवापुढे चित्र घालतात. सुलावेसी बेटावरच्या गुहेतला हातही दाखवला. भिंतीवर पंजा ठेवून भोवती रंग फुंकलेला तो छाप किमान ३९,९०० वर्षांचा असल्याचं २०१४ साली जाहीर झालं. गवळी वाड्यावरचा मुलगा त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिला.

तुकड्यांच्या दोन वस्तू आल्या, दोन्ही गोधड्याच. मराठी शाळेतल्या एका मुलीने आजीची वाकळ आणली, कन्नड शाळेतल्या एकीने अज्जीची कौदी. अंगणात दोन्ही शेजारी पसरल्या आणि मी म्हटलं, फरक सांगा. मुलं गुडघ्यावर बसून शोधू लागली. धावदोरा दोन्हीत तसाच. आतला थर जुन्या धोतराचा, दोन्हीत तसाच. मग एकाने शोधलं की कौदीत इरकलचा तुकडा आहे, ही कन्नड खूण. लगेच दुसरीने वाकळीतला इरकलचा तुकडा दाखवला, कारण आमच्याकडच्या आज्यांनी आयुष्यभर इरकलच नेसलं. शेवटी फरक सापडला तो कोपऱ्यात. कौदीच्या चारही कोपऱ्यांना घड्या घालून शिवलेल्या छोट्या त्रिकोणी चिंध्या होत्या, वाकळीला नव्हत्या. खानापूर, हल्याळ, यल्लापूर या पट्ट्यात सिद्दी समाजाच्या बायका गोधड्या शिवतात, त्या कोपऱ्यांना असं करतात आणि त्याला फुला म्हणतात. त्या मुलीच्या अज्जीने ते सिद्दी शेजारणीकडून उचललं होतं. म्हणजे जो एक फरक सापडला तो मराठीही नव्हता आणि कन्नडही नव्हता. आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी आलेल्या आणि इथल्या रानात स्थिरावलेल्या माणसांचा होता.

सिद्दी बायका शिवायला कडेपासून घेतात आणि फेरे घालत मध्याकडे जातात. आमचं मोठं चित्र तसंच करायचं, हे त्या दिवशी मुलांनीच ठरवलं. आधी कडा, मग आत. मध्यात काय ते शेवटी बघू. चिकटकामाचा इतिहास सांगताना पिकासोचं १९१२ सालचं वेताच्या खुर्चीचं चित्र मी दाखवलं. त्यात त्याने वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि कडेने खरा दोर गुंडाळला. ते बघून कौदीवाली मुलगी तिच्या मराठीत म्हणाली, “ह्याने पण कडा पक्की केल्यान की.”

कापण्याचं काम

छापासाठी कार्डशीट दोन-तीन वापरांत भिजून जातं, पावसाळ्यात तर एकातच. म्हणून मी जुन्या एक्स-रे फिल्म मागवल्या. लवचीक असतात, कटरने स्वच्छ कापल्या जातात, धुऊन परत वापरता येतात. त्यांच्यावरचा काळा थर ब्लीचच्या पाण्यात भिजवून निघतो. ते काम मी घरी केलं, मुलांना ब्लीचला हात लावू दिला नाही. एक फिल्म मात्र धुवायची राहून गेली. एका मुलाच्या आज्जीच्या गुडघ्याची होती ती. हाडं तशीच दिसत होती आणि मुलांना ती तशीच आवडली.

छापाचं सगळं गणित एका गोष्टीवर चालतं. जे कापून काढाल तिथं रंग उतरणार आणि जे ठेवाल ते कोरं राहणार. पण कोरी ठेवायची जागा चहूबाजूंनी कापलेली असेल तर ती गळून पडते. म्हणून मधे बारीक पट्टी न कापता सोडावी लागते. आम्ही तिला जोड म्हणायचो. पहिल्या दिवशी कुणालाच हे समजलं नाही. आषाढी जवळ आली होती, गावातून माणसं पंढरपूरला निघाली होती, म्हणून मुलांनी अक्षरांसाठी विठ्ठलाचं नाव घेतलं. मराठी मुलांनी देवनागरीत, कन्नड मुलांनी कन्नडमध्ये. व कापला आणि त्याचं पोट जमिनीवर. ठ कापला, त्याचंही पोट जमिनीवर. “बाई, चांगलं कापलो खरं पोट पडलं की!” पलीकडे कन्नड मुलांचा ठ तर आणखी अवघड, कारण तो म्हणजे गोल आणि गोलाच्या आत टिंब. गोल कापला की टिंबासकट चकती खाली.

इथं मी थांबून फळ्यावर एक गोल काढला. म्हटलं, हा दोन हजार वर्षांपूर्वीचा ठ. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिपी ब्राह्मीतून निघाल्या आणि ब्राह्मीतला ठ म्हणजे नुसता गोल. एकीकडे त्याला वर काठी आणि शिरोरेषा आली, दुसरीकडे पोटात टिंब आलं. मुलांचं या माहितीकडे किती लक्ष होतं कोण जाणे, कारण सगळ्यांना पोट कसं वाचवायचं याचीच काळजी होती. जोड कुठं ठेवला तर अक्षर कमीत कमी बिघडेल, यावर त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही शाळांची मुलं आपापल्या चटया सोडून एकत्र बसली. कन्नड ठ ला दोन बाजूंनी जोड ठेवावा, ही युक्ती मराठी शाळेतल्या मुलीची. कन्नड लिपी ती पहिलीपासून शिकते, पण अक्षर असं आतून तिने आधी पाहिलं नव्हतं.

पानांचं काम वेगळ्याच कारणाने फसलं. जुलैत मुलांनी ओली पानं तशीच कागदावर चिकटवली, तीही भाताच्या शितांनी. आठवड्याने बघतो तर पानं आकसलेली, तपकिरी पडलेली, आणि कागदावर हिरवी-काळी बुरशी. चार शनिवारांचं काम गेलं. मग शिस्तीत सुरुवात केली. पान वर्तमानपत्रात दाबायचं, वर वजन ठेवायचं, पावसाळ्यात रोज कागद बदलायचा, आणि आठ-दहा दिवसांनी पान कडक झालं की मगच वापरायचं. चिकटवायला मैद्याची खळ, त्यात चिमूटभर तुरटी. बाइंडर लोक मोरचूद घालतात, पण ते विषारी, म्हणून ते आम्ही आणलंच नाही.

रंगांसाठी खानापूरच्या फुटक्या कौलांची पूड केली, गेरू होता, हळद होती. गवळी वाड्यावरच्या मुलाने एक दिवस सागाचं कोवळं पान आणलं आणि दोन्ही तळव्यांत चोळलं. तळवे लालभडक. वर्गात गलका झाला. हा रंग रानाजवळ राहणाऱ्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी हाताला लावलेला असतो, पण चित्राच्या तासाला तो आणता येतो हे त्याच्याच डोक्यात आलं. त्या लाल हाताचा छाप त्याने पोत्याच्या तुकड्यावर उमटवला. म्हशीनंतर त्याने केलेलं ते पहिलं चित्र. पुढं कुठलं पान दाबल्यावर टिकेल आणि कुठलं चुरा होईल, हे मुलं मला विचारेनाशी झाली, त्याला विचारू लागली.

आपटा आणि बन्नी

सप्टेंबरात मी दसऱ्याचा विषय काढला. आपल्याकडे आपट्याचं पान देतात, सोनं घ्या सोन्यासारखं राहा. कन्नड घरात बन्नीचं पान देतात, म्हणजे शमीचं, आणि म्हणतात, बन्नी तगोंडु बंगारधंग इरोण. बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. म्हणणं तेच, पान वेगळं. झाडांची गावंही वेगळी. आपटा आमच्या पानगळीच्या रानात सहज सापडतो. शमी हे कोरड्या मुलखाचं झाड, सौंदत्ती-अथणीकडच्या पट्ट्यात ती रुळलेली, आमच्या पावसात देवळाच्या आवारात मुद्दाम लावलेली एखादीच. या गावात देवळापाशी एक होती.

आपट्याचं पान म्हणजे छापासाठीच केल्यासारखं. कागद दुमडा, अर्धं पान कापा, उलगडा, दोन जुळ्या पाकळ्या समोर. शिरांच्या जागी बारीक जोड. पहिल्या तासात बावीसच्या बावीस मुलांचे छाप तयार झाले आणि मराठी शाळेचा व्हरांडा आपट्याच्या पानांनी भरला.

कन्नड शाळेची मुलं बन्नीची डहाळी घेऊन बसली होती. बन्नीचं एक पान म्हणजे काडी, काडीला उपकाड्या, उपकाड्यांना तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक पर्णिका. देठाला काटे. कटरचं टोक त्या पर्णिकेपेक्षा जाड. एका मुलाने अर्धा तास घालवून सहा पर्णिका कापल्या, सातवीला फिल्म फाटली आणि त्याने ती बाजूला भिरकावली. मी सुचवलं की जरा मोठं करून कापा. तो म्हणाला, मग ते बन्नीचं राहणार नाही, दुसऱ्याच कुठल्या झाडाचं होईल. आणि ते खरंच होतं. मोठं केलेलं बन्नीचं पान चिंचेसारखं दिसतं.

मला उत्तर सुचत नव्हतं. व्हरांड्यात एका बाजूला पन्नास-साठ सोनेरी पानं वाळत होती आणि दुसऱ्या बाजूला चौदा मुलं रिकाम्या हातांनी बसली होती. आपल्या भागात हे चित्र फार ओळखीचं आहे, फक्त एरवी बाजू उलट असतात. सरकारी कागद, पाट्या, अर्ज यांतून आमची मुलं रोज त्या रिकाम्या हातांच्या जागी बसतात. म्हणून मला ते बघवेना.

तोडगा गुहेतल्या हाताने दिला. गवळी वाड्यावरच्या मुलाने बन्नीची डहाळीच कागदावर आडवी ठेवली, आपला पंजा तिच्या शेजारी ठेवला आणि तोंडाने फुंकर मारल्याची खूण केली. झालं. जुना टूथब्रश गेरूच्या पातळ पाण्यात बुडवायचा, त्यावर पट्टी ओढायची, बारीक शिंतोडे उडतात. डहाळी उचलली की खाली प्रत्येक पर्णिका, प्रत्येक काटा कोरा, पांढरा, आणि भोवती लाल धुकं. आपटा कापून काढलेल्या जागेतून रंगत होता, बन्नी जिथं होती तिथं रंग न लागल्यामुळे दिसत होती. छापाचे हे दोन्ही प्रकार मी वीस वर्षं शिकवते आहे. दोन प्रकारच्या पानांना दोन वेगळ्या रीती लागतात आणि एकाच्या रीतीने दुसऱ्याला मोजलं तर त्याला काही येत नाही असंच वाटतं, हे मला त्या शनिवारी व्हरांड्यात समजलं. पहिल्या दिवशीचा कोरा कागद मला तेव्हा आठवला.

दसऱ्याला प्रत्येक मुलाने घरी नेण्यासाठी कार्डं केली, एका बाजूला आपटा, दुसऱ्या बाजूला बन्नी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात येतात, आणि आपटा पुरत नाही म्हणून कांचनाची पानंही आपटा म्हणून खपतात. गावातल्या बन्नीलाही दरवर्षी खालची डहाळी उरत नाही. कार्डांमुळे किती फांद्या वाचल्या हे मला सांगता येणार नाही. पण दोन घरांनी पान न तोडता कार्डच देवापुढे ठेवलं, हे मुलांनी येऊन सांगितलं.

भिंत

सुट्टीच्या आधी भिंतीवर पानांची रांग काढायची ठरली होती. पाऊस उघडला होता, भिंतीला नुकताच चुना दिला होता. आपट्याची पानं सोन्यासारखी हवीत म्हणून मुलांनी हळद पेजेत कालवून रंग केला. मी होकार दिला. ही माझी चूक. हळद चुन्याला लागली की लाल होते, हे मला माहीत असायला हवं होतं. जुना चुना हवेने मुरून थंड झालेला असतो, ताज्या चुन्यात मात्र तो गुण शाबूत असतो. मुलं शेवटचं पान रंगवत होती तेव्हाच पहिल्या पानांच्या कडा तांबूस पडू लागल्या होत्या. सोमवारपर्यंत पेज जिथं जाड बसली होती तिथं पिवळं आणि बाकी सगळं लाल.

रस्त्यावरून जाणाऱ्याला शाळेच्या भिंतीवर लांबच लांब लाल-पिवळी रांग दिसत होती.

सोमवारी दुपारी एका पालकांचा फोन आला. “बाई, मराठी शाळेच्या भिंतीवर हे कुणी मारायला सांगितलं?” आवाज चढलेला होता. संध्याकाळी दुसऱ्या बाजूनेही विचारणा झाली की आपट्याची पानं मोठी आणि बन्नी खाली बारीक असं का. दोन्ही प्रश्न विचारणारी माणसं वाईट नव्हती. या भागात दोन रंग शेजारी आले की डोळा आधी झेंडा बघतो, माझाही बघतो.

शनिवारी मी पालकांना अंगणात बोलावलं. वाटीत हळदीचं पाणी घेतलं, त्यात बोटावरचा चुना सोडला. पिवळं पाणी डोळ्यांदेखत लाल झालं. पुरुष मंडळी बघत राहिली. बायकांना नवल वाटलंच नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, “कुंकू असंच तर करत होतो की आम्ही.” कन्नड बाजूची एक बाई मान हलवत म्हणाली, “हौद्रि, अरिशिण-कुंकुम.” राज्योत्सवाचा झेंडा हळदी-कुंकवाचेच रंग घेऊन उभा आहे, आणि आमच्या घरातला करंडाही. हे मी सांगितलं नाही, दोघींच्या बोलण्यातून ते अंगणात येऊन गेलं होतं.

वाद तिथं मिटला असं मात्र लिहिता येणार नाही. फोन करणारे गृहस्थ शांत झाले, पण १ नोव्हेंबरच्या आधी भिंत पांढरी करावी हा त्यांचा आग्रह कायम राहिला आणि एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या समितीत, तो मान्य झाला. सुट्टीत भिंतीवर चुना फिरला. मला फार लागलं ते. मी भांडले नाही. मी शनिवारपुरती येणारी बाई, मुलांना रोज त्याच भिंतीजवळून जायचं असतं आणि त्यांच्या आईबापांना एकमेकांच्या शेतावर राबायचं असतं. आज पुन्हा ते काम केलं तर गेरूच वापरेन. पण त्या वाटीतलं पाणी हुकलं असतं, हेही तितकंच खरं.

पोत्यावरचं चित्र

मोठं चित्र भिंतीआधीच सुरू झालं होतं आणि सुट्टीनंतरच्या एका जादा शनिवारी पुरं झालं. तागाची पोती उसवून, जोडून सुमारे सहा फूट बाय चार फुटांचा तळ केला. कडेला काथ्याचा दोर. चार कोपऱ्यांना फुला, त्या कौदीवाल्या मुलीने घड्या घालून दिल्या. कडेच्या पहिल्या फेऱ्यात दाबलेली पानं: साग, ऐन, जांभूळ, कारवी. दुसऱ्या फेऱ्यात लुगड्यांचे तुकडे आणि लग्नपत्रिका, दोन्ही लिप्यांतल्या. त्याच्या आत छाप: आपटा, बन्नी, जोड दिसणारे दोन्ही ठ, आणि पंख पसरलेलं बारापेडेचं वटवाघूळ. वटवाघळासाठी सगळ्यांचं एकमत झालं ते केवळ तो आकार कापायला भारी वाटला म्हणून. पण त्यानिमित्ताने दोन मुलांनी वनखात्याच्या गार्डला गाठून त्या गुहेबद्दल विचारलं, आणि त्यांनी आणलेली माहिती माझ्यापेक्षा जास्त होती.

मध्यात काय, यावर तीन शनिवार गेले. गावाचं नाव सुचवलं गेलं, मग कुठल्या लिपीत हा प्रश्न आला. दोन्हीत म्हटलं तर वर कुठली हा प्रश्न आला. शेवटी ती न धुतलेली फिल्म कुणीतरी उचलली. सप्टेंबरपासून तिच्यातून आपट्याची पानं काढली होती. कडांना हळद, गेरू, सागाचा लाल, सगळ्यांचे थर चढून ती जाड झाली होती. मध्यभागी पानाच्या आकाराचं भोक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याची हाडं. तीच मध्यात टाचली. भोकातून खालचं पोतं दिसतं, पोत्यावरच्या मार्क्याचं अर्धं अक्षर दिसतं. ते कुठल्या लिपीतलं आहे हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

चित्र व्हरांड्यात लावलं त्या दिवशी त्या मुलाची आज्जी काठी टेकत आली. बराच वेळ बघून म्हणाली, “ह्यो माझा गुडघा न्हवं?” नातू म्हणाला, “व्हय आज्जी. सगळी पानं ह्यातनंच काढलाव आम्ही.” तिने हात लावून कड चाचपली आणि एका कोपऱ्याचा टाका सैल आहे म्हणून सांगितलं.

काही गोष्टी अपुऱ्या राहिल्या. माझं कन्नड मोडकं आहे, त्यामुळे कन्नड शाळेतल्या मुलांशी माझं बोलणं कामापुरतं झालं. त्यांच्यासाठी कन्नड जाणणारा चित्रकलेचा शिक्षक सोबत हवा होता. खळ शिजवणं, पानं दाबणं, झाडलोट ही कामं मुलींवरच पडत गेली, हे माझ्या लक्षात उशिरा आलं. आणि गवळी वाड्यावरचा मुलगा दिवाळीनंतर शाळेत येईनासा झाला. चौकशी केली तर म्हशींबरोबर खाली उतरलाय, येईल म्हणाले.

चित्र सध्या कन्नड शाळेच्या ऑफिसात आहे, कारण मराठी शाळेचं छप्पर त्या बाजूला गळतं. पोत्याला वाळवी लागू नये म्हणून मागं कडुनिंबाची पानं खोचून ठेवली आहेत. दर महिन्याला ती बदलायचं काम दोन्ही शाळांच्या सहावीच्या मुलांनी वाटून घेतलंय.